बँड घट्ट झालाय की घास चुकतोय? सोलापूरच्या एका प्रश्नाचं सविस्तर उत्तर

प्रश्न असा आहे : “वय ४६, राहणार सोलापूर. नऊ वर्षांपूर्वी पुण्यात वजन कमी करायला जठरावर गॅस्ट्रिक बँड बसवला. तीन आठवड्यांपूर्वी बँड घट्ट करायला त्यातलं पाणी अर्धा मिली वाढवून घेतलं. तेव्हापासून भाकरी उतरत नाही, सकाळी चहासुद्धा छातीत दाटतो, दिवसातून एकदा तरी घास परत येतो. रात्री आडवं झालं की ठसका लागतो, उशी ओली होते. चहा-बिस्किट, आइस्क्रीम, सरबत यावर दिवस निघतो. आधी दोन किलो उतरले, आता काटा हलत नाही. शुगरची गोळी चालू आहे. पुढची तारीख महिन्याने आहे. तोवर सहन करावं का?”

ताई, सहन करू नका. या आठवड्यातच पुण्याला फोन करा आणि “बँडमधलं पाणी काढायचं आहे, रात्री ठसका लागतो” असं स्पष्ट शब्दांत सांगा. “दाखवायला यायचंय” एवढंच म्हटलं तर तारीख तीच राहते.

तुम्ही भाकरीबद्दल आधी लिहिलंत, पण सगळ्यात काळजीची गोष्ट ठसक्याची आहे. दिवसभर खाल्लं-प्यायलेलं बँडच्या वर साठून राहतं आणि तुम्ही आडव्या झालात की ते घशाकडे परत येतं. त्यातलं थोडं श्वासनलिकेत उतरतं, म्हणून ठसका. हे वारंवार झालं तर न्यूमोनिया होऊ शकतो. आपल्याकडे अशा खोकल्याचं खापर यंत्रमागाच्या धुळीवर नाहीतर ॲलर्जीवर फुटतं, महिनोन्‌महिने कफ सिरप चालतं आणि बँडकडे कुणाचं लक्षच जात नाही. पॅन्टोप्रॅझोलसारख्या गोळीने जळजळ कमी होईल, पण बँडच्या वर साठलेलं तसंच राहील. बँड असलेल्या माणसाला रात्रीचा ठसका सुरू झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत बँड जास्त घट्ट आहे किंवा सरकलाय, असंच धरावं.

आता हे का होतं ते समजून घ्या, म्हणजे पुढचे सगळे नियम आपोआप पटतील. बँड म्हणजे जठराच्या वरच्या टोकाला बसवलेलं सिलिकॉनचं कडं. आतल्या बाजूला फुगा, फुग्यातून निघणारी बारीक नळी, आणि नळीच्या टोकाला पोटाच्या त्वचेखाली शिवलेला पोर्ट. पोर्टमधून सलाईन भरलं की फुगा आत फुगतो. बँडच्या वर जठराचा साधारण १५ ते ३० मिलीचा कप्पा राहतो, म्हणजे दोन मोठे चमचे. बरेच जण समजतात की हा कप्पा भरला की पोट भरलं, आणि बँड जितका घट्ट तितकं अन्न जास्त वेळ अडणार. तसं नाही. नीट बसवलेल्या बँडमध्ये चावलेला घास अन्ननलिकेच्या अनेक आकुंचनांनी, मिनिटभरात, खाली जातो. जाताना तो कड्याखालच्या नसांवर दाब देतो आणि तो दाब “पुरे” असं सांगतो. भूक त्याने शमते. बँड दार बंद करायला लागला की अन्ननलिकेलाच गोदाम व्हावं लागतं. ती ताणली जाते, हळूहळू रुंद होते, आणि फार काळ तशी राहिली तर तिची ताकद पूर्ण परत येईलच असं नाही.

काटा का थांबला, त्याचंही उत्तर यातच आहे. घट्ट बँडमधून भाकरी, उसळ, अंडं जात नाही. आइस्क्रीम, श्रीखंड, सरबत, चहात बुडवलेलं बिस्किट मात्र सरळ उतरतं, आणि त्याने कड्यावर दाबही येत नाही. म्हणून तासाभरात परत भूक. घट्ट बँडवर माणूस वजन वाढवू शकतो, आणि त्यात त्याचा आळस किंवा जिभेचे चोचले नसतात. तुम्ही स्वतःला दोष देत असाल तर ते थांबवा.

घास चुकतोय की बँड घट्ट आहे हे ओळखायची एक साधी रीत आहे. एखाद्याच पदार्थाला, घाईत खाताना, आठवड्यातून एखाद्या वेळी अडकत असेल तर खाण्याची पद्धत चुकतेय. रोज, वेगवेगळ्या पदार्थांना, पातळ गोष्टींनाही वेळ लागत असेल, रात्री वर येत असेल, तर पाणी जास्त आहे. तुमचं सगळं वर्णन दुसऱ्या गटात बसतं. आणखी एक फरक लक्षात ठेवा. खाल्ल्या खाल्ल्या, मळमळ न होता, आंबट चव नसलेला घास आणि फेसाळ लाळ परत येते ती उलटी नव्हे. ते अन्न बँडच्या खाली गेलेलंच नसतं. मळमळून, आंबट किंवा पित्ताचं पडत असेल तर कारण वेगळं शोधावं लागतं.

अर्धा मिली म्हणजे किती, हे बँडवर अवलंबून आहे. जुन्या काही बँडची एकूण क्षमता जेमतेम ४ मिली, नंतरच्यांची १० ते १४ मिली. चारच्या बँडमध्ये अर्धा मिली ही मोठी उडी, चौदाच्यात साधी. म्हणून बँडच्या कार्डावर लिहिलेला त्याचा प्रकार पाठ असायला हवा. बँड आधीच बऱ्यापैकी भरलेला असेल तर पुढची वाढ ०.१ ते ०.२५ मिलीच असावी, असं माझं ठाम मत आहे. पुण्याला वारंवार जावं लागू नये म्हणून एकदाच जास्त भरून घेणं हा सोलापूरहून जाणाऱ्यांना पडणारा मोह आहे आणि तो महागात पडतो.

पाणी काढताना डॉक्टर पोर्ट दोन बोटांत धरून सुई सरळ आत घालतात, तळाचा धातू लागेपर्यंत. पाच मिनिटांचं काम. तुमच्या बाबतीत नुसतं ०.५ परत काढून भागेल असं मी गृहीत धरणार नाही. ठसका असताना बहुतेक वेळा जास्त किंवा सगळंच पाणी काढून चार ते सहा आठवडे अन्ननलिकेला आणि कप्प्याला विश्रांती देतात, आणि बेरियम पिऊन एक्स-रे काढतात. कप्पा फक्त ताणलेला असेल तर एवढ्याने बहुधा पूर्ववत होतो. निघालेलं पाणी किती मिली आणि कोणत्या रंगाचं, ते लिहून घ्या. भरलेल्यापेक्षा कमी निघालं तर कुठेतरी गळती असू शकते. पाणी काढल्यावर भूक वाढेल, दोन-तीन किलो वाढतील. ते मान्य करून चाला.

पाणी न वाढवता अचानक घट्टपणा आला असता तर मी आधी बँड सरकल्याची शंका घेतली असती. जठराचा भाग बँडमधून वर घसरतो, छातीत जळजळ, डाव्या बाजूला वरच्या पोटात दुखणं, काहीच न उतरणं, अशी लक्षणं. इथे साधा उभा एक्स-रेसुद्धा पुष्कळ सांगतो : बँड नीट असेल तर तो डाव्या खांद्याकडे तिरका, जाड रेघेसारखा दिसतो, मणक्याशी साधारण ४ ते ५८ अंशांत. तो आडवा पडलेला किंवा गोल ‘ओ’सारखा दिसला तर सरकला आहे. याच्या उलट, काहीही खाल्लं तरी अडत नाही, भूक परत आली आणि कित्येक वर्षांनी पोर्टच्या जागी लाली-पू दिसू लागला, तर बँड जठराच्या भिंतीतून आत शिरत असतो. ते दुर्बिणीने कळतं आणि बँड काढावाच लागतो.

आज घास अडकला तर काय करायचं? खाणं तिथेच थांबवा. वरून पाणी पिऊन ढकलू नका, ते पाणी अडकलेल्या घासावर साठतं आणि सगळं जोरात परत येतं. सोडा, लिंबू-सोडा नको, गॅसने दाब वाढतो. उभ्या राहा, हळू चाला, हात वर करा, खांदे सैल सोडा, लाळ गिळायचा आग्रह न धरता थुंकून टाका. बोट घालून उलटी काढू नका. घास उतरला असं वाटलं की कोमट पाण्याचे चमचाभर घोट. यानंतरची चूक सगळेच करतात : “गेला एकदाचा” म्हणून ताट पुन्हा पुढे ओढतात. ओकाऱ्यांनी कड्याखालचं जठराचं अस्तर सुजलेलं असतं, म्हणून बँड तेव्हा आणखी घट्ट असतो. पुन्हा घास, पुन्हा अडकणं, पुन्हा सूज, असं चक्र फिरत राहतं. ते तोडायला २४ तास फक्त पातळ (गाळलेलं वरणाचं पाणी, ताक, दूध, ज्वारीची पातळ आंबील) आणि पुढचे २४ ते ४८ तास मऊ. तुम्हाला मात्र बँडमधलं पाणी काढेपर्यंत आजपासून पातळावरच राहायचं आहे. रात्रीचं शेवटचं पातळ झोपण्याआधी किमान तीन तास, आणि डोकं-छाती उंच ठेवून झोपणं. नुसती उशी वाढवून मान मोडते, पलंगाचे डोक्याकडचे पाय विटांवर चढवा.

लाळसुद्धा गिळता येत नसेल तर कुणाच्या तारखेची वाट न बघता लगेच रुग्णालय. पाण्याचे घोट दहा-बारा तास टिकत नसतील तरीही. इतर ठिकाणी २४ तास सांगतात, पण चैत्र-वैशाखात पारा चाळिशीपार गेलेल्या सोलापुरात तेवढा वेळ देऊ नये. पोटात न थांबणारी कळ, ताप, रक्ताची उलटी, काळी शी, हीसुद्धा तातडीचीच. छातीत दाटणं प्रत्येक वेळी बँडचंच असेल असं समजू नका. शुगर आहे, वय ४६ आहे. घाम, धाप, जबड्यात किंवा हातात कळ असेल तर आधी ईसीजी.

आता एक गोष्ट, जी या सगळ्यात कमी माहीत आहे आणि सर्वांत जास्त नुकसान करू शकते. शरीरातला बी-१, म्हणजे थायमिनचा साठा दोन-तीन आठवडेच पुरतो. तुमचे तीन आठवडे झालेत. अशक्तपणा आला की आपण गल्लीतल्या दवाखान्यात जाऊन सलाईन लावून घेतो, आणि ती बाटली बहुधा ग्लुकोजची असते. बी-१ संपलेल्या शरीरात आधी ग्लुकोज गेलं तर मेंदूला इजा होऊ शकते : दुहेरी दिसणं, डोळे थरथरणं, चालताना तोल जाणं, गोंधळ उडणं. वेळेत थायमिन मिळालं नाही तर त्यातलं काही कायमचं राहतं. म्हणून सलाईन लावायची वेळ आलीच तर स्वतःहून सांगा : “बँड आहे, तीन आठवडे नीट जेवण नाही, आधी थायमिनचं इंजेक्शन, मग ग्लुकोज.” घरच्यांनाही हे वाक्य पाठ असू द्या. तोवर डॉक्टरांना विचारून बी-१ सुरू करा. नेहमीचा डोस रोज १०० मिलिग्रॅम, पण गोळी टिकत नसेल तर इंजेक्शनच.

शुगरच्या गोळीचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही. मेटफॉर्मिन एसआर १००० (हळूहळू विरघळणारी) असेल तर ती मोठी गोळी अडकते, आणि एसआर कुटून घ्यायची नसते. साधी ५०० ची मागा. ग्लिमेपिराइड असेल आणि जेवण जात नसेल तर शुगर एकदम उतरू शकते. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन असेल तर उपाशी-उलटीच्या दिवसांत शुगर साधी दिसत असूनही रक्तात आम्ल साठतं. तिन्ही बाबतींत शुगरच्या डॉक्टरांना आजच फोन. अंगदुखीला डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन घेऊ नका, जठराच्या भिंतीला ती घातक. पॅरासिटामॉल विरघळणारी किंवा सिरपमध्ये.

पाणी काढून बँड पुन्हा जुळवला गेला की खाण्याकडे वळू. घास नखाएवढा, चमचा चहाचा, एक घास गिळल्यावर पुढच्यापर्यंत मिनिटभर थांबा. २० मिनिटांत जेवढं होईल तेवढं जेवण, साधारण एक लहान वाटी. जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्धा तास नाही. दिवसभरात दीड ते दोन लिटर पोटात जायला हवं, आणि ते जेवणाच्या मधल्या वेळेत घोटाघोटाने. जागेपणीच्या १५ तासांत दर तासाला १०० मिली धरलं तर दीड लिटर होतं. मे महिन्यात यात अर्धा लिटर वाढवा. प्रथिनं रोज ६० ग्रॅमच्या आसपास हवीत : एका अंड्यात सुमारे ६, पेलाभर दुधात ६ ते ७, शिजलेल्या डाळीच्या वाटीत तेवढीच, १०० ग्रॅम पनीरमध्ये साधारण १८. ताटात आधी तेच खायचं, भाकरी शेवटी.

सोलापूरकराला एक बरी बातमी आहे. बँडवाल्यांना ताजी मऊ पोळी, पाव, ब्रेड यांचा सर्वांत जास्त त्रास होतो, कारण चावल्यावर त्यांचा कणकेसारखा गोळा होतो. आपली कडक भाकरी मात्र तुकडा मोडून नीट चावली तर भुगा होऊन सुरळीत जाते. गरम, जाड, ओलसर भाकरी पहिल्यांदा करून बघू नका. आमटीत कुस्करलेली भाकरी आजारपणात उत्तम, पण रोजची सवय करू नका. ती न चावता घसरते, मग पोट भरल्याचं कळत नाही आणि तासाभरात काहीतरी खावंसं वाटतं. शेंगा चटणी चिमूटभर दह्यात कालवून. कोरडी चटणी घशात बसते, आणि तेल-दाण्यांच्या कॅलरी चमच्याचमच्याने वाढतात. मटणाचे तुकडे दोऱ्यासारखे सुटतात आणि अडकतात. खिमा बारीक, रसरशीत केलेला चालतो. कोंबडीच्या छातीचा कोरडा भाग टाळा, मांडीचा घ्या. शेवग्याच्या शेंगेचा गर ओढून चोथा टाकायचा. गवार, अंबाडी, शेपू बारीक चिरून, जास्त शिजवून. हुरड्याच्या दिवसांत बसल्या बैठकीला मूठभरापेक्षा जास्त नको, आणि तोही दाणा दाणा चावून. शेतात गप्पांच्या नादात भराभर तोंडात टाकला की ठरलेला अडकतो. आषाढीला साबुदाण्याची खिचडी पूर्ण वर्ज्य : तिचा चिकट गोळा बँडवर बसला की तासन्‌तास हलत नाही. उपास करायचाच तर सैलसर भगर आणि दाण्याची पातळ आमटी, आणि शुगरची गोळी असताना निर्जळी तर नाहीच.

सकाळी बँड घट्ट वाटणं हे बऱ्याच जणांत असतं, पाणी बरोबर असतानाही. रात्रभर आडवं राहिल्याने कड्याजवळ किंचित सूज आणि चिकट लाळ साठते. उठल्यावर कोमट पाण्याचे घोट, तासभराने पातळ नाश्ता, घन जेवण अकरानंतर. पाळीच्या आधी, ताणात, सर्दीत, विमानप्रवासातही असंच होतं आणि ओसरतं. एक-दोन दिवसांत ओसरलं नाही तर ते सामान्य नाही.

पुढच्या वेळी पाणी भराल तेव्हा सोमवार-मंगळवार निवडा, शनिवार नको. लग्नाच्या, गड्ड्याच्या यात्रेच्या तोंडावर तर नकोच. भरल्यावर तिथेच बसून पेलाभर पाणी घोट घोट पिऊन बघा, अर्धा तास थांबा, मगच स्टेशन गाठा. सूज दोन-तीन दिवसांत चढते, म्हणून पहिले दोन दिवस पातळ, मग मऊ, चौथ्या दिवशी घन. घट्टपणा खरा कळतो तो चौथ्या दिवशी, आणि तेव्हा तुम्ही पुण्यापासून अडीचशे किलोमीटरवर असता. परतीची सोय आधीच ठरवून ठेवा.

म्हणून सोलापुरात पाणी काढू शकेल असा सर्जन बरं असतानाच शोधून ठेवा. आता बँड फारसे बसवले जात नाहीत, त्यामुळे अनेक तरुण डॉक्टरांनी तो पाहिलेला नसतो. अडचण सुईची असते. पोर्टला ह्यूबर सुई लागते, जिने पोर्टच्या तोंडावरच्या पडद्याला कायमचं भोक पडत नाही. कॅन्सरच्या केमोपोर्टला हीच सुई वापरतात, त्यामुळे सोलापूर-बार्शीच्या कॅन्सर विभागांत ती मिळू शकते. मात्र केमोची सुई आखूड असते आणि पोटावर चरबी जाड असेल तर पोचत नाही. ५० मिलिमीटर किंवा त्याहून लांब, सरळ सुई पुण्याहूनच दोन आणून घरात ठेवा. ती नसताना जीवावर बेतलं तर डॉक्टर साधी बारीक सुईही वापरू शकतात. पोर्टचा पडदा खराब झाला तर पोर्ट बदलता येतो. हे घरी, नर्सकडून, ओळखीच्या कंपाउंडरकडून करून घ्यायचं काम नाही. जंतू थेट बँडपर्यंत पोचतात.

आणि एक कागद करा, इंग्रजी आणि मराठी दोन्हीत : बँडची कंपनी आणि मॉडेल, एकूण क्षमता, आत्ता किती मिली आहे, शेवटचं कधी भरलं किंवा काढलं, पोर्ट पोटावर नेमका कुठे, सर्जनचा फोन, शुगरच्या गोळ्या, आणि ठळक अक्षरात “ग्लुकोजच्या आधी थायमिन”. एमआरआय किंवा भूल द्यायची वेळ आली तर हाच कागद पुढे करायचा. उपाशी असूनही बँडच्या वर अन्न असू शकतं, हे भूलतज्ज्ञाला कळलंच पाहिजे. कागदाची एक प्रत पर्समध्ये, एक फोटो फोनमध्ये, आणि एक प्रत घरातल्या ज्याला रात्री-बेरात्री गाडी काढता येते त्याच्याकडे.